भिंतीच्या माथ्यावर काय बसवायचं?

नवं घर होऊन दोन पावसाळे गेले की कंपाउंडच्या भिंतीकडे एकदा सावकाश बघा. माथ्यापासून खाली हातभर पट्ट्यात काळे ओघळ उतरलेले दिसतील. त्यांच्या आजूबाजूला रंगाचे पोपडे, आणि रंग खरवडला तर खालच्या गिलाव्याला बारीक भेगा. मालक रंगाला दोष देतो, रंगारी गिलाव्याला आणि गवंडी क्रशसँडला. तिघांचंही थोडंफार खरं असेल, पण अशा भिंतीला शिडी लावून मी वर बघते तेव्हा बहुतेकदा दुखणं माथ्यावरच सापडतं. वर नुसता सिमेंटचा हात फिरवलेला असतो, नाहीतर घरातल्या फरशीचे उरलेले तुकडे चिकटवलेले असतात. कधी चांगला महागडा ग्रॅनाइट असतो, पण तो भिंतीच्या अंगाबरोबर कापलेला असतो.

मी सिंधुदुर्गात घरांच्या कामांवर देखरेख करते. माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांची बांधकामंही पाहण्यात येतात. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो: "वर कोपिंगला, म्हणजे माथ्यावरच्या झाकणाला, काय घालू? कोटा फरशी की ग्रॅनाइट?" उत्तर मात्र दोन्हीकडे एक नाही. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर आंबोलीत सात हजारांच्या आसपास. सोलापूरला तो सातशेच्या आगेमागे. चौदा इंच रुंदीचा माथा धरला तर आमच्याकडे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर वर्षाला हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. तेवढं पाणी कुठेतरी जाणारच. भिंतीचा माथा हे भिंतीचं छप्पर आहे असं मानून कामाला लागलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आमच्या कामांवरचे थोरले गवंडी दगड दाखवायला लागलेल्या मालकाला दरवेळी हेच सांगतात, "पानी खंय जातला ता पयला बघूक होया. दगड मगे." मीही त्याच क्रमाने सांगते.

आधी रुंदी मोजा, आणि गिलाव्यासकट मोजा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. भिंत नऊ इंची, म्हणजे 'बारा इंची पट्ट्या आणा, दोन्हीकडे दीड-दीड इंच बाहेर येतील', असा हिशोब केला जातो. ऐकायला बरोबर वाटतो. पण भिंत २३० मिलिमीटर, तिला बाहेरून दोन हातांचा गिलावा २० मिलिमीटर, आतून १५. झाली २६५. बारा इंच म्हणजे ३०५. उरले ४०, दोन्ही बाजूंना वीस-वीस. वीस मिलिमीटरात पाणी तोडणारी खाच बसत नाही, आणि बसवली तरी वाऱ्याबरोबर पाणी परत भिंतीला लागतं. चौदा इंची पट्टी घेतली तर दोन्हीकडे ४५ मिलिमीटर मिळतात. मला हवं असतं ते एवढंच. दोन इंचांच्या फरकाचे पैसे दगडवाला लावतो, पण तेवढ्यासाठी मी ग्रॅनाइटऐवजी स्वस्त कोटा घेईन, रुंदी कमी करणार नाही.

सहा इंची ब्लॉकची भिंत असेल तरी रीत हीच: १५० अधिक दोन्हीकडचा गिलावा, अधिक दोन्हीकडे ४० ते ५०.

खालच्या अंगाला कडेपासून वीस-पंचवीस मिलिमीटर आत लांबीभर एक खाच पाहिजे. साइटवर हिला ड्रिप म्हणतात. पाणी कडेवरून खाली येतं, दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकतं, खाचेशी अडतं आणि थेंब होऊन सुटतं. खाच नसेल तर दीड-दोन इंच बाहेर काढलेल्या दगडाचाही निम्मा उपयोग वाया जातो. काँक्रीटमध्ये ती १० ते १२ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल ठेवता येते. १८ मिलिमीटरच्या ग्रॅनाइटमध्ये सहापेक्षा खोल जाऊ देऊ नका, कड कमजोर होते. खाच कटरवाल्याकडून दुकानातच मारून घ्या. वर बसवल्यावर खालून ग्राइंडर चालवणं धोक्याचंही आहे आणि सरळही होत नाही. आणखी एक गोष्ट: दगड बसल्यावर खालचा सांधा भरताना गवंडी सवयीने खाचसुद्धा मालाने भरून गुळगुळीत करतो, राहिलं तर रंगारी पुट्टी भरतो. संध्याकाळी काम सुटायच्या आधी खालून खाचेतून लांबीभर बोट फिरवून बघा. बोट अडलं तर खाच बुजली आहे. माल ओला असतानाच काढता येतो.

पाणी कुणाच्या बाजूला

गच्चीच्या कठड्याला उतार नेहमी गच्चीकडे द्या. माथ्यावर धूळ, पाखरांची विष्ठा, शेवाळ साचतं. ते पाणी बाहेरच्या दर्शनी भिंतीवरून उतरलं की काळे ओघळ आलेच. गच्चीत आलेलं पाणी गच्चीच्या पाइपातून जाईल, फक्त कठडा आणि कोबा जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेला माल, चांगला गोल आणि अखंड असू दे.

कंपाउंडला मात्र शेजारी असतो. आपल्या कोपिंगच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडल्या की पहिल्याच पावसात भांडण, म्हणून उतार आपल्या बाजूला. पण त्याहून मोठी अडचण बाहेर काढलेल्या कडेची आहे. भिंतीचं बाहेरचं अंग बरोबर हद्दीवर बांधलं असेल तर बाहेर आलेला दीड-दोन इंच दगड शेजाऱ्याच्या हवेत जातो. यावर इलाज एकच आणि तो पायाच्या वेळचा आहे: आखणी करतानाच भिंत हद्दीपासून दोन-तीन इंच आत घ्या. हे दोन इंच सोडायला लोक तयार होत नाहीत. तयार व्हा. रस्त्याकडेची भिंत असेल आणि दोन्हीकडे जागा असेल तर मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता माथा सगळ्यात चांगला, पाण्याला अर्धंच अंतर काटावं लागतं.

उतार किती? काँक्रीटला दहास एक. चौदा इंचाला जेमतेम दीड इंच. पॉलिश केलेल्या दगडावर पाणी लवकर पळतं, तिथे फुटाला अर्धा इंच पुरतो. पाणसळ ठेवून माथा लेव्हलमध्ये आणणारा गवंडी चांगला कारागीर असतो यात शंका नाही, पण इथे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो उताराला चूक समजून दुरुस्त करील.

भिंत कसली आहे

कोकणातला चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे माल न लावता रचलेली भिंत, तिला कोपिंग घालूच नका. त्या भिंतीत पाणी अडतच नाही, चिऱ्यांच्या फटींतून निघून जातं. ती थोडी हलते, बसते, आणि दर उन्हाळ्यात चार चिरे परत रचले की पुढचं वर्ष जातं. तिच्या डोक्यावर सिमेंटचा पट्टा ओतला की पट्टा एका तुकड्यात आणि खालचे चिरे आपल्या मनाचे. दोन वर्षांत पट्टा तुटून अर्धा खाली लोंबतो. वर सपाट, मोठे, कठीण चिरे आडवे ठेवा, एवढंच.

सिमेंटच्या मालात बांधलेली, गिलावा न केलेली, दरजा (चिऱ्यांमधले सांधे) भरलेली चिऱ्याची भिंत हे वेगळं प्रकरण आहे. जांभा सच्छिद्र असतो. वरून पाणी शिरलं की छिद्रांतली मऊ माती घेऊन ते बाहेर येतं, दरजांखाली लाल-पिवळे डाग उतरतात आणि चिरा आतून पोकळ होत जातो. या भिंतीला माथा लागतोच, आणि तो रुंद लागतो. माझी पहिली पसंती काँक्रीटला असते. जांभ्यावर पातळ काळा ग्रॅनाइट दिसायलाही परका दिसतो, असं माझं मत आहे.

देशावरच्या जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना सिमेंट लावायचा मोह टाळा. सिमेंटचा थर मातीला धरत नाही, भेग पडते, भेगेतून शिरलेलं पाणी आत कोंडतं आणि थराखालची माती चिखल होऊन सुटते. वरून सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस वीतभर जाडीचा पापुद्रा खाली येतो. तिथे मातीच्याच किंवा चुन्याच्या मालात बसवलेली रुंद शहाबादी फरशी, नाहीतर कौलं. आणि कड दीड-दोन इंच पुरत नाही, चार-पाच इंच बाहेर काढा.

काळ्या मातीच्या जमिनीवर, सोलापूर-मराठवाड्याकडे, भिंत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थोडी हलणारच. तिथे लांबलचक अखंड माथा टिकत नाही. तुकडे आखूड आणि सांधे मऊ ठेवा.

काँक्रीट

सगळीकडे मिळतं, हव्या त्या आकाराचं होतं, गावातला कुठलाही गवंडी दुरुस्त करू शकतो. यातली एक गोष्ट मात्र मला पोटतिडकीने सांगायची आहे, कारण किनाऱ्यावरच्या गावांत ती सर्रास चुकीची होते.

लोक तीन इंच जाडीचा पट्टा ओततात आणि 'मजबुतीसाठी' त्यात आठ मिलिमीटरच्या दोन सळ्या टाकतात. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक समुद्रकाठच्या हवेत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं आणि सळईच्या कामाला किमान एम ३० काँक्रीट (एम पुढचा आकडा मोठा तितकं काँक्रीट ताकदीचं). आता हिशोब करा: वरून ४५, सळई ८, खालून ४५. झाले ९८. आडव्या कड्या धरल्या तर शंभराच्या पुढे. तीन इंच म्हणजे ७५. म्हणजे त्या पट्ट्यात सळईला जागाच नाही. खारी हवा आत पोचते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट लांबीभर उकलतं. वेंगुर्ला, मालवण, देवगडकडे फिरताना माथ्यावर सरळ रेषेत आडवी गेलेली भेग दिसली तर समजा, तिच्या बरोबर खाली सळई आहे.

म्हणून किनाऱ्यावर दोनच रस्ते. जमिनीवरच्या कंपाउंडला बिनसळईचा तीन इंची पट्टा, एम २० काँक्रीटचा, आणि दर मीटर-सव्वा मीटरला सांधा. भेग पडायचीच असेल तर ती आपण ठरवलेल्या जागी पडेल. मालात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू टाकले तर सुकतानाच्या बारीक भेगा कमी होतात. दुसरा रस्ता गच्चीच्या कठड्याचा. तिथे पट्टा कॉलमच्या सळ्यांना बांधायचा असतो, सळई टाळता येत नाही. तिथे जाडी पाच इंच घ्या आणि एम ३०. खाडीची न धुतलेली वाळू सळईच्या कामात कदापि वापरू नका, तिच्यातलं मीठ बाहेरच्या हवेची वाटही बघत नाही.

जागेवर ओतण्यापेक्षा खाली साच्यात ओतून वर बसवलेले तुकडे मला जास्त आवडतात. प्लायचा साचा करायचा, उतार साच्याच्या तळाला द्यायचा आणि तुकडा उलटा ओतायचा. म्हणजे साच्याला लागलेली गुळगुळीत बाजू वर येते आणि मोकळ्या अंगाला कडेलगत गोल सळईचा तुकडा दाबून खाच पाडता येते. तेल लावलेली सळई माल थोडा आवळल्यावर फिरवून काढली की खाच स्वच्छ मिळते. तेरा इंच रुंद, तीन इंच जाड, मीटरभर लांब तुकडा साधारण साठ किलोचा होतो. दोन माणसांना शिडीवर तो जड जातो. म्हणून दोन-सव्वादोन फुटांचे तुकडे करा. बहुतेक ठिकाणी आता पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, त्याला किमान दहा दिवस पाणी पाहिजे. गोणपाट अंथरून भिजत ठेवा. बिगारी सकाळी एक पाइप फिरवून जातो आणि दुपारी गोणपाट कडकडीत वाळलेलं असतं, याला पाणी मारणं म्हणत नाहीत.

दगड

ग्रॅनाइट सगळ्यात टिकाऊ, यात वाद नाही. पाणी जवळपास पीत नाही, आम्लाला दबत नाही, पॉलिशवर शेवाळ लवकर धरत नाही. पण पाणी पीत नाही म्हणूनच तो साध्या सिमेंटच्या मालाला धरत नाही. पट्टी बसते, वरून छान दिसते, आणि वर्षभराने ठोकली तर बद्द आवाज येतो. दोन हातांनी उचलली तर आख्खी हातात येते. ग्रॅनाइटला टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरा. पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप ३ किंवा त्याच्या वरचा प्रकार छापलेला बघून घ्या. अ‍ॅडेसिव्ह दाताच्या थापीने भिंतीवरही लावा आणि दगडाच्या पाठीलाही; चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून दगड टेकवू देऊ नका. मधल्या पोकळीत पाणी साचतं. चौदा इंची, १८ मिलिमीटर जाड पट्टीचं वजन मीटरला सतरा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे बसवायला सोपी.

कोटा, कडप्पा आणि शहाबाद हे तिन्ही चुनखडकच. लिंबाचा थेंब टाकून बघा, फसफसतो. म्हणून फरशी धुताना वापरतात ते अ‍ॅसिड यांच्यावर पडू देऊ नका. तिघांत बाहेरच्या कामाला मी कोटा घेते. दाट असतो, पॉलिश गेलं तरी खालचा दगड तसाच काम करत राहतो. पॉलिश जाणार हे मात्र धरूनच चला. कडप्पा दुकानात काळाभोर चमकतो, दोन पावसाळ्यांत राखाडी होतो. आणि तो थरांचा दगड असल्यामुळे कडेला खाच मारली की कड पापुद्र्याने सुटते. कडप्पाच घालायचा असेल तर खाच मारू नका. त्याऐवजी कडेच्या खाली त्याच दगडाची इंचभर पट्टी इपॉक्सीने चिकटवून घ्या. जाड दिसते आणि पाणीही तिथेच सुटतं. शहाबाद कमी पावसाच्या प्रदेशात, तोही जाड आणि नीट निवडलेला असेल तर चांगला. आमच्याकडच्या पावसात त्याचे थर सुटतात, म्हणून मी कोकणात घालत नाही.

उन्हाचाही विचार करा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. काळा दगड त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि संध्याकाळी वळवाच्या सरीने एकदम थंड होतो. असा रोजचा ताण सांध्यांवर येतो. तिकडे फिका दगड घ्या.

दगड निवडताना दुकानात करायच्या दोन गोष्टी. पट्टी उभी धरून नाण्याने टिचकी मारा: खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत चीर आहे. आणि पाठीवर पाण्याचे थेंब टाकून चहा पिऊन या. थेंब तसेच उभे असतील तर दगड दाट आहे. डाग पसरला असेल तर तो भिंतीतही पाणी सोडणार.

बाकीचं थोडक्यात

मंगलोरी कौलं आणि आढ्यावरचे कोने कंपाउंडवर फार देखणे दिसतात, पाणीही उत्तम टाकतात. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून हे कौल आपल्या किनाऱ्यावर रुळलं आहे आणि इथल्या पावसात ते किती टिकतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत. पण आमच्याकडे केलडी आहेत. माकडांचा कळप कंपाउंडवरूनच ये-जा करतो, आणि फणसाच्या दिवसांत एकेका उडीला एकेक कौल जातं. माकडं नसलेल्या गावात जरूर घाला, खाली पूर्ण मालाची बैठक द्या आणि पन्नासेक कौलं बाजूला ठेवा.

पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियमची घडी केलेली पट्टी शहरात चांगली चालते, सांधे कमी, वजन नाही. किनाऱ्यावर साधा जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पत्रा घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम ओल्या सिमेंटला थेट लागू देऊ नका, ते खातं. दहा मीटरचा सलग अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास एक सेंटिमीटर लांब होतो, तेवढीच लोखंडी पट्टी अर्धा. म्हणून तुकड्यांमधे जागा आणि खाली सरकणारी क्लिप हवी. वरून खिळे ठोकलेला पत्रा वाऱ्याच्या पहिल्या तडाख्यात फडफडायला लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तसा वारा परत येणारच आहे हे धरून पत्र्याच्या दोन्ही कडा खाली वळवून क्लिपमध्ये अडकवा.

जुन्या घराच्या गोल, वेड्यावाकड्या माथ्याला चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर, बरा. कुठल्याही आकारावर बसतो, पांढरा असल्याने तापत नाही. सांधे भरपूर असतात, तेव्हा खालचा वॉटरप्रूफिंगचा थर पक्का पाहिजे.

घरात उरलेल्या व्हिट्रिफाइड फरश्या: नको. कड उघडी, खाच नाही, रुंदी भिंतीएवढीच. फुकट मिळतात म्हणून बसवतात आणि भिंतीच्या रंगाला दर दोन वर्षांनी पैसे घालतात.

खालचा थर आणि सांधे

कुठलाही दगड घ्या, पाणी शेवटी दोन तुकड्यांच्या सांध्यातूनच आत जातं. म्हणून सांध्याखाली दुसरा अडसर हवा. माथा साफ करून त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन हात द्या, दोन्ही अंगांवर दोन-तीन इंच खाली उतरवा, आणि दुसरा हात ओला असतानाच वर कोरडी वाळू भुरभुरवा. वाळूमुळे वरचा माल धरतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर दगड बसवलेले मी पाहिले आहेत. पाणी अडतं, पण दगड कशालाच चिकटत नाही.

सांधा पाच-सहा मिलिमीटरचा ठेवा आणि पॉलियुरेथेन सीलंटने भरा. व्हाइट सिमेंट भरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग पडते. स्वस्त सिलिकॉन फिक्या दगडात तेल सोडतं आणि सांध्याच्या दोन्हीकडे कायमची काळसर किनार उमटते. सीलंट भरायचा दिवस कोरडा हवा, म्हणजे मृगाच्या आधी काम संपवा. कोकणात मेच्या शेवटच्या आठवड्यात सीलंट भरणारी माणसं मिळत नाहीत, सगळे आपापल्या घरांची कौलं चाळायला गेलेले असतात, एप्रिलमध्येच उरका.

वरच्या मजल्याच्या कठड्यावरचा दगड रस्त्यावर किंवा अंगणावर असेल तर नुसत्या चिकटण्यावर भरवसा ठेवू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याच राज्यातले आहेत. भूकंपात माथ्यावरच्या सुट्या जड वस्तू आधी खाली येतात, आणि माणसं तेव्हा बाहेर धावत असतात. दगड तीस मिलिमीटर जाड घ्या आणि प्रत्येक तुकड्याला सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन पिना, किनाऱ्यावर ३१६ दर्जाच्या. १८ मिलिमीटरच्या पट्टीत पिन धरायला जागा नसते, म्हणून अशा ठिकाणी मी सळ्यांना बांधलेलं काँक्रीटच मागते.

वर काही रोवायचं असेल तर

ग्रिल, तारेचे अँगल, दिवे, डिशचा खांब, सगळ्यांना माथ्यालाच भोक हवं असतं. वेल्डिंगवाला शेवटी येतो आणि नव्या कोपिंगला ड्रिल मारून जातो. भोकातून पाणी, पाण्याने गंज, गंजाने दगड फुटतो. अँगल भिंतीच्या आतल्या अंगाला, माथ्याच्या खाली बोल्टने बसवा. माथ्यातूनच न्यायचा असेल तर कोपिंग बसवायच्या आधी उभा करा, दगड त्याच्याभोवती कापून घ्या आणि बुडाला सीलंटचा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी तिथे थांबणार नाही. फुटक्या काचा रोवू नका. प्रत्येक काचेभोवती पाणी जायला एक वाट तयार होते, आणि मांजरं, माकडं, चेंडू आणायला चढलेली पोरं कापली जातात.

दर वर्षी पावसाळा संपल्यावर माथ्यावरून एकदा नजर फिरवा. पाखरांच्या विष्ठेतून सांध्यात पिंपळ, वड, उंबर रुजतात. दोन पानांचं रोप असताना मुळासकट निघतं. बोटाएवढं झालं की उपटून फक्त शेंडा हातात येतो आणि मूळ आत फुगत राहतं. मग तो तुकडा उचलून, मूळ काढून, परत बसवण्यावाचून इलाज नाही.

गवंड्याचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तांब्याभर पाणी घेऊन वर जा आणि दर दोन तुकड्यांच्या सांध्यावर ओता. खाली एका माणसाला उभं करा. पाणी ठरलेल्या बाजूलाच पडलं पाहिजे, खाचेपाशी थेंब सुटले पाहिजेत, आणि खाचेच्या पलीकडे दगडाचं पोट कोरडं राहिलं पाहिजे. जिथे ओलं होईल तिथे खडूने खूण करा, तेवढे तुकडे त्याच आठवड्यात काढून परत बसवून घ्या. आणि दगड आणतानाच त्याच लॉटमधल्या दोन-तीन पट्ट्या जास्त घेऊन ठेवा, पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.